उचल, कोयता आणि मागे राहिलेलं गाव : ऊसतोडीच्या स्थलांतराचा हिशेब नेमका कसा मांडायचा?

बांधावरून (धागाकर्ती)

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी, इकडे पाथर्डी आणि जामखेड. बालाघाटाच्या या पट्ट्यातली कित्येक गावं दसऱ्यानंतर रिकामी व्हायला लागतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद झाल्यावर, पुन्हा भरतात. यावर हळहळ व्यक्त करणारे लेख भरपूर आहेत, म्हणून इथे हळहळ नको. माहीतगार लोकांनी कामाचं लिहावं एवढीच विनंती.

माझे प्रश्न असे. उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे, किती घेतली तर ती त्याच हंगामात फिटते? जाण्याआधी घरात आणि ग्रामपंचायतीत कोणते कागद तयार हवेत? मागे राहणारी पोरं, म्हातारी माणसं आणि जमीन यांचं काय करायचं? आणि बाहेरून दिसत नाहीत अशा चुका नेमक्या कुठे होतात?

पंधरवडा

हिशेबापासून सुरू करू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाचा दर २७३-७४ वरून ३६६-६७ च्या आसपास गेला. मी ३६६ धरतो. चांगल्या उसात जोडी दिवसाला दीड टन तोडून भरते. तगडी जोडी दोन टनांपर्यंत जाते, पण रोज नाही.

दीड टनाने दिवसाचे ५४९ रुपये. प्रत्यक्ष तोडीचे १२० दिवस मिळाले तर १८० टन, म्हणजे ६५,८८० रुपये. आता उचल लाखाची असेल तर इथेच ३४,१२० कमी पडले. त्यात दर आठवड्याला बाजाराला मिळणारी खर्ची धरा. हजार रुपये धरले तर सतरा आठवड्यांचे १७,०००, तेही जोडीच्याच नावावर चढतात. म्हणजे हंगाम संपताना अंगावर बाकी ५१,१२०. माणूस पाच महिने राबून अर्धी उचल अंगावर घेऊन परत येतो आणि लोक म्हणतात, ‘उधळली असेल.’

उलट मोजा. ६५,८८० मधून १७,००० वजा केले की ४८,८८० उरतात. दीड टनाच्या जोडीला १२० दिवसांत फिटणारी उचल एवढीच. त्यापुढचा प्रत्येक रुपया म्हणजे पुढच्या हंगामाची सही.

आणि १२० दिवस कोण देतं? २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि बहुतेक कारखाने मार्चच्या मध्यापर्यंत आटोपले. तोडीचे ९० दिवस धरले तर १३५ टन, ४९,४१० रुपये. तेरा आठवड्यांची खर्ची वजा जाता ३६,४१० ची उचल फिटते. ऊस कमी पडला तो कारखान्याच्या भागात, बाकी राहिली ती मात्र मजुराच्या घरी.

कोपीतला

पंधरवडा भाऊ, हिशेब बरोबर, पण दीड टन सगळ्यांना लागू होत नाही. सेंटर कोणतं, म्हणजे ऊस कशाने वाहायचा, ते आधी विचारा.

डोकी सेंटरला आठ-दहा कोयत्यांची टोळी ट्रक-ट्रॅक्टर भरते. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. वजन गाडीचं होतं आणि ते टोळीत सारखं वाटलं जातं. त्यामुळे एक जोडी आजारी पडली की नऊ जणांच्या भांडणाला सुरुवात. टायर सेंटरला प्रत्येक जोडीची बैलगाडी वेगळी, वजनाची स्लिप वेगळी, वाहतुकीचे पैसे वेगळे. पण बैल स्वतःचे, टायरगाडीची कपात वेगळी आणि कारखान्याच्या काट्यावरच्या रांगेत रात्र जाते. नवरा रांगेत आणि बायको कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, एकटी. सुरक्षिततेच्या बऱ्याच तक्रारी इथून येतात.

टन कमी कशाने पडतात तेही लिहून ठेवा. गाडी वेळेवर येत नाही. आलेली गाडी खाली होऊन परत यायला बारा-चौदा तास लागतात. ऊस पडलेला असला की तोड निम्म्यावर येते. फडातून, म्हणजे तोड चालू असलेल्या रानातून, रस्त्यापर्यंतचं अंतर जास्त असलं की भरणीला दुप्पट वेळ. गाडी रात्री दोनला आली तर दोनला उठून भरायची. ते तास कुठल्याच दरात नाहीत.

पंधरवडा

मान्य. म्हणूनच मी दीडच्या वर धरलं नाही. खाडा राहिला लिहायचा. गैरहजर दिवसाचा दंड, पाचशे किंवा जास्त, टोळीच्या ठरावावर. पाळी, ताप, पोराचं दुखणं, काहीही असलं तरी खाडा लागतो. ५४९ ची मजुरी बुडते ती बुडते, वर दंड. एक खाडा म्हणजे हजाराच्या वर फटका.

साखरपट्टा

अशा चर्चेत सगळं मुकादमावर, म्हणजे टोळी जमवून उचल वाटणाऱ्यावर, ढकललं जातं. तसं करू नका. मुकादमाला टोळीच्या कामावर साधारण २० टक्के कमिशन मिळतं. दहा कोयते, १,८०० टन, टनाला ७३ रुपये म्हणजे एक लाख एकतीस हजारांच्या आसपास. तेवढ्यावर त्याने दहा लाखांची उचल वाटलेली असते. तो पैसा वाहनमालकाचा, वाहनमालकाने कारखान्याच्या हमीवर बँकेतून काढलेला. दोन कोयते पळाले की कमिशन संपून खिशातले जातात. पश्चिम महाराष्ट्रात ट्रॅक्टरवाल्यांना मुकादमांनी बुडवल्याचे गुन्हेही ढीगभर आहेत.

कोपीतला

साखळीत सगळ्यांचा जीव टांगणीला असतो हे खरं. पण बुडाल्यावर ट्रॅक्टर जप्त होणं वेगळं आणि बाकीसाठी मजुराची पोरगी ओलीस ठेवणं वेगळं.

गावचावडी

कागदांचं सांगते. घाई होते ती जायच्या आदल्या दिवशी, तेव्हा काहीच होत नाही. सप्टेंबर हा कागदांचा महिना धरा.

करार आता बहुधा पाचशेच्या स्टॅम्पवर होतो आणि मजूर कोऱ्यावर सही नाहीतर अंगठा देतो. निम्मी भांडणं इथे जन्मतात. लिहून घ्यायच्या गोष्टी थोड्या आहेत : दोघांची नावं, मिळालेली रक्कम आणि तारीख, टनाचा दर, खाड्याचा दंड, जाण्या-येण्याचं भाडं कुणाकडे, मागची बाकी किती आणि तिच्यावर व्याज आहे की नाही. उचल आषाढ-श्रावणात तुकड्यातुकड्याने मिळते : दहा हजार लग्नाला, पाच दवाखान्याला, वीस पोळ्याच्या आधी. प्रत्येक तुकड्याची चिठ्ठी हवी. नाहीतर मुकादमाच्या वहीतले साठ हजार घराच्या आठवणीतले पंचेचाळीस असतात.

बायकोचं नाव करारात नसणं ही सगळ्यात महागडी चूक. नाव नाही म्हणजे ती मजूर नाही, बिल नवऱ्याच्या खात्यात. नवरा गेला तर काम केल्याचा पुरावा नाही, बाकी मात्र तिच्याच दारात येते.

दुसरं, ग्रामसेवकाकडे ऊसतोड कामगार म्हणून नोंद आणि ओळखपत्र. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेतले जातात. ज्याची नोंद नाही त्याला त्या पैशातून चालणाऱ्या योजनांच्या दाराशीसुद्धा उभं राहता येत नाही. नोंदणी करताना दोघांची वेगवेगळी करा. ‘कुटुंबप्रमुख’ म्हणून एकच फॉर्म भरून मोकळं व्हायची सवय आहे.

तिसरं रेशन. राज्यात कुठल्याही दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, माणशी पाच किलो. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाचं आधार कार्डाला जोडलेलं आणि ई-केवायसी झालेलं हवं, आणि ते गावातल्या दुकानातच आधी उरकलेलं बरं. इथे एक खोच आहे. जाणाऱ्यांनी तळाजवळच्या, म्हणजे टोळी जिथे उतरते तिथल्या, दुकानात सगळ्या कार्डाचं धान्य उचललं की गावात राहिलेल्या म्हातारीला दुकानदार म्हणतो, ‘तुमचं गेलं.’ फक्त आपल्या माणसांपुरतं उचलायचं, आणि तसं दुकानदाराला अंगठा लावायच्या आधी सांगायचं. दुकानदार साठा नाही म्हणाला तर तहसीलच्या पुरवठा शाखेत सांगा, नाहीतर १४४४५ वर तक्रार करा.

ज्येष्ठमध

टोळीला बाकी फिटेपर्यंत सोडत नसतील तर?

गावचावडी

मग तो पैशाचा वाद राहत नाही. कर्ज फिटेपर्यंत माणसाला जाऊ न देणं म्हणजे वेठबिगारी आणि १९७६ च्या कायद्याने असं कर्जच रद्द होतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे, जिथे माणसं अडकली आहेत त्या उपविभागाच्या. गावाकडच्या तहसीलदाराला अर्ज देऊन बसू नका, वेळ जातो. अर्जात माणसांची नावं, वयं, फडाचं गाव, कारखाना, गाडीचा नंबर आणि ‘जाऊ देत नाहीत’ हे वाक्य स्पष्ट हवं. ‘मजुरी दिली नाही’ एवढंच लिहिलं तर प्रकरण कामगार कार्यालयाकडे जातं. सुटकेचा दाखला हातात घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. पुनर्वसनाची मदत त्या दाखल्यावर अवलंबून आहे. हा दाखला न घेताच गावी आलेल्यांना नंतर कुणी विचारत नाही.

खडूफळा

पोरांचं. तीन वाटा आहेत आणि तिन्हींची वेळ वेगवेगळी.

एक, हंगामी वसतिगृह. नाव वसतिगृह, पण बहुतेक ठिकाणी मूल नातेवाइकाकडे झोपतं आणि सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतं. प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने द्यायचा, पालकांच्या संमतीसह. गडबड वेळापत्रकात आहे. गाव ऑक्टोबरच्या शेवटी हलतं आणि मंजुरी कधीकधी नोव्हेंबर-डिसेंबरात येते. तोवर पोरं फडावर. उपाय एकच : ऑगस्टमध्येच यादी. मागच्या वर्षी गेलेली कुटुंबं तीच असतात, उचल घेतलेली घरं गावाला माहीत असतात, यादी एका संध्याकाळी होते. मंजुरीपर्यंतचे पंधरा-वीस दिवस जेवण कोण देणार एवढंच गावाला ठरवावं लागतं.

दोन, संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं. २०२१ मध्ये ४१ तालुक्यांसाठी ८२ मंजूर झाली, मुलामुलींची वेगळी, प्रत्येकी शंभर जणांची. इथे आईबापाचं ओळखपत्र मागतात, म्हणून वर गावचावडी ताईंनी लिहिलेलं आधी करा.

तीन, मूल सोबत जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक. गावच्या शाळेने द्यायचं, त्यावर मूल कुठल्या इयत्तेत आणि काय येतं हे लिहिलेलं असतं. तळाजवळची शाळा दाखल्याशिवाय त्याला बसवून घेते. पत्रक मुकादमाकडे ठेवू नका, आईच्या पिशवीत राहू द्या. आणि गावच्या शाळेने पटावरून नाव कमी करायचं नाही.

मागे कोण राहतं हेही बघा. थोरली पोरगी राहते ती शिकायला नव्हे, धाकट्यांना आणि आजीला सांभाळायला. वसतिगृहाच्या हजेरीत ती असते, वर्गात नसते. आठवी-नववीनंतर ‘पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायची’ म्हणून लग्न, आणि लग्न झालं की नवा कोयता, नवी उचल. बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत चाळीस टक्क्यांच्या वर होतं. शाळा सुटते ऑक्टोबरात आणि लग्न ठरतं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. रोखायचं तर उन्हाळ्यात लक्ष ठेवा.

उपकेंद्र

थोडक्यात. गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत हवं, लोहाच्या गोळ्या हंगामभराच्या, आणि जिथे तळ पडेल तिथल्या आशाचा नंबर पहिल्या आठवड्यात मिळवायचा. अंगणवाडी सेविकेने पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद केली तर तिकडच्या अंगणवाडीत आहार मिळतो.

पिशवी काढण्याबद्दल लिहायलाच हवं. २०१९ च्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्याला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. मुळाशी साध्या गोष्टी आहेत : पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत डोक्यावर मोळी, त्यातून अंगावरून पांढरं जाणं आणि पोटात दुखणं. हे बऱ्याचदा गोळ्यांच्या एका कोर्सने बरं होणारं असतं, पण कोर्सला आठवडा लागतो आणि आठवड्याचे खाडे लागतात. शस्त्रक्रिया मात्र उन्हाळ्यात, हंगामाबाहेर, नव्या उचलीतून होते. डॉक्टर ‘कॅन्सर होईल’ म्हणाला की दुसऱ्या सरकारी डॉक्टरला दाखवल्याशिवाय पैसे भरू नका.

काळीभोर

जमिनीचा भाग कुणीच घेतला नाही.

निघायची वेळ सोयाबीनची काढणी आणि रब्बी ज्वारीची पेरणी यांच्या मधोमध येते. म्हणून ज्वारी घाईत पेरली जाते, कोळपणीला माणूस नसतो, राखण म्हाताऱ्यावर. बटईने दिली तर निम्मं येतं. पण खरा तोटा नोंदीत होतो. रब्बीची ई-पीक पाहणी जाणाऱ्यांच्या गैरहजेरीत असते. फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, फडावरून होत नाही. नोंद राहिली की सातबाऱ्यावर पीक कोरं आणि मग विमा-अनुदानात अडचण. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद होते. गावात राहणाऱ्या एका पोराला गट नंबरांची यादी देऊन ठेवली तर दोन दिवसांत वस्तीची पाहणी उरकते. तेही राहिलं तर पीक पाहणीसाठी नेमलेल्या सहायकाला गाठायचं.

गावातली मजुरीही बदलते. नोव्हेंबर ते मार्च कापूस वेचायला माणूस नाही म्हणून दर चढतात, आणि एप्रिलमध्ये सगळे परतले की काम नसतं.

यंत्रयुग

दहा वर्षांनी हा धागा संदर्भहीन होईल. २०२३ मध्ये राज्याने ९०० हार्वेस्टरना अनुदान जाहीर केलं, ४० टक्के किंवा ३५ लाख यांतलं जे कमी ते. यंत्र दिवसाला शंभर टनांच्या पुढे तोडतं.

कोपीतला

शंभर टन म्हणजे दीड टनाच्या सदुसष्ट जोड्यांचं काम, बरोबर. पण यंत्राला चार-साडेचार फुटांची सरी आणि सलग प्लॉट लागतो. अर्ध्या एकराचा तुकडा, ओलं रान, वेडावाकडा पडलेला ऊस तिथे ते वळतच नाही. वर पाचटापोटी वजनातली वजावट शेतकऱ्याला टोचते आणि जनावरांना वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळत नाहीत ते वेगळंच. होणार काय, तर सोपा सरळ ऊस यंत्राला आणि पडलेला, लांबचा ऊस कोयत्याला. टनाचा दर तोच, दिवसाचे टन कमी. पंधरवडा भाऊंचं गणित आणखी बिघडेल.

बांधावरून

सगळं वाचून एक लक्षात येतंय. आपण ‘जाण्याआधी’ म्हणजे दसरा धरतो, पण इथे प्रत्येक उत्तर मागे मागे सरकतंय. कागद सप्टेंबरात, यादी ऑगस्टात, उचल आषाढात.

बचतखाते

तेच म्हणायला आले. उचल हे आधी कर्ज आहे, मग काम. जून-जुलैत बी-खत, शाळा, दवाखाना आणि मायक्रोफायनान्सचे हप्ते एकदम येतात. रोजगार हमीची कामं त्याच पावसाळ्यात मंदावतात आणि हिवाळ्यात, गाव रिकामं असताना, निघतात. पैसा तेव्हा फक्त मुकादमाकडे असतो. कोयता अडकतो तो तिथे, फडात नाही.

पंधरवडा भाऊंनी ४८,८८० चा आकडा काढला. लाखाची उचल पन्नासवर आणायची तर उरलेले पन्नास जूनमध्ये दुसरीकडून हवेत. बचत गटाचं बँककर्ज जमतं, वेळेत फेडलं तर व्याज परत मिळतं. पण अटी नीट करा. गटात जाणाऱ्या आणि राहणाऱ्या बायका मिसळून हव्यात. सगळ्याच जाणाऱ्या असल्या की बैठक पाच महिने बंद आणि गटाची प्रतवारी घसरते. हप्ता पंधरवड्याच्या बिलाला बांधा. सलग नव्वद दिवस हप्ता चुकला की खातं थकीत, म्हणजे ‘परत आल्यावर एकदम भरू’ हे चालत नाही. खर्ची हजाराऐवजी सातशे घ्या असा सल्ला देणारे भेटतील, देऊ नका. पोट मारून तोड होत नाही.

मायक्रोफायनान्स फेडायला उचल आणि उचलीची बाकी फेडायला मायक्रोफायनान्स, असं चालू असेल तर आधी दोन्हींचा एका कागदावर हिशेब मांडा. बहुतेक घरांत तो कधीच एका कागदावर आलेला नसतो.

ज्येष्ठमध

वही ठेवा म्हणणं सोपं. टोळीत लिहिणार कोण? आणि शेवटी मुकादमाचीच वही खरी ठरते.

पंधरवडा

म्हणून वहीपेक्षा स्लिप. गाडी काट्यावर गेली की वजनाची पावती निघते, तिच्यावर तारीख, गाडी नंबर, टन असतात. चिटबॉयकडून (फडावरचा कारखान्याचा माणूस) किंवा ड्रायव्हरकडून तिचा फोटो त्याच रात्री घ्यायचा, दुसऱ्या दिवशी नाही, कारण पावती मुकादमाकडे गेली की दिसत नाही. टोळीत दहावी-बारावी झालेली एखादी सून असतेच, तिच्याकडे हे काम. फोटो गावातल्या एका ठरलेल्या नंबरवर पाठवायचा, म्हणजे फोन हरवला तरी हिशेब राहतो. फोटोखाली तीन आकडे : किती कोयते हजर, किती खाडे, खर्ची मिळाली का. पंधरवड्याचं बिल आलं की फोटोतल्या टनांची बेरीज बिलाशी लावायची. फरक निघाला तर त्याच आठवड्यात कारखान्याच्या शेतकी विभागात विचारायचं, तिथल्या नोंदीत प्रत्येक खेप असते. पट्टा पडल्यावर विचारलं तर तळ उठलेला असतो आणि गाडी गावाकडे निघालेली असते.

गावचावडी

यात एक जोडते. फोटो ज्याच्या नंबरवर जाणार तो माणूस मुकादमाच्या भावकीतला नसावा.